सोळा आण्यांचा रुपया

“तुझं म्हणणं सोळा आणे खरं,” असे आपण सहज बोलून जातो. “त्याची पै न पै चुकती केली,” असे अभिमानाने सांगतो. कुणाचा खर्च भलताच वाढला तर “चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला” म्हणून हसतो. पण आणा कुणी पाहिला आहे? पै कुणी हातात धरली आहे? घरात ऐंशी वर्षे ओलांडलेले आजोबा किंवा आजी असतील तर त्यांना विचारा. त्यांनी पाहिला असेल.

आणा बाजारातून गेला. तोंडातून मात्र गेला नाही. आणि कागदातूनही तो पुरता गेलेला नाही. घरातल्या जुन्या ट्रंकेत पणजोबांचे खरेदीखत असते, गहाणखत असते, भावाभावांच्या वाटणीचा कागद असतो. त्यात जागोजाग आणे आणि पै लिहिलेले असतात. आपण अक्षरे वाचायला शिकलो, आकडे वाचायला शिकलो. मग हेही वाचता यायला हवे. म्हणून या पाठात आम्ही त्या जुन्या पैशाची हकिकत सांगणार आहोत.

आधी कोष्टक पाहू. पूर्वीच्या शाळेत ते मुलांना तोंडपाठ असे.

३ पै म्हणजे १ पैसा.
४ पैसे म्हणजे १ आणा.
१६ आणे म्हणजे १ रुपया.

म्हणजे एका रुपयाचे ६४ पैसे होत आणि १९२ पै होत. एका आण्याच्या १२ पै. इथे एक गोष्ट ध्यानात धरा. पै वेगळी आणि पैसा वेगळा. पै लहान, पैसा तिच्या तिप्पट. या दोन शब्दांची गल्लत झाली तर केवढा घोटाळा होतो, ते पुढे येईलच.

मधल्या नाण्यांना आपली घरगुती नावे होती. दोन पैशांचा, म्हणजे अर्ध्या आण्याचा, तो ढब्बू. दोन आण्यांची चवली. चार आण्यांची पावली. आठ आण्यांची अधेली. आणि मोड न केलेला अख्खा रुपया, तो बंदा रुपया. खिशात बंदा रुपया असला की माणूस बाजारात ताठ चाले!

आता कुणी विचारील, सोळाच का? दहा का नाहीत, वीस का नाहीत? याचे उत्तर तराजूत आहे. त्या वेळी शेराचे माप होते. एका शेराचे सोळा छटाक. रुपयाचे सोळा आणे. म्हणजे तूप दोन रुपये शेर असेल तर छटाकभर तूप दोन आण्यांना. तीन रुपये शेर असेल तर छटाक तीन आण्यांना. जितके रुपये शेर, तितके आणे छटाक! गुणाकार नको, भागाकार नको. अर्धा शेर तो अच्छेर, तिकडे अधेली. पाव शेर, तिकडे पावली. पावशेराचे निम्मे नवटाक, तिकडे चवली. अक्षरशत्रू बाईसुद्धा हा हिशेब बसल्याजागी करी आणि वाण्याला चुकू देत नसे. अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे, असे करत गेले की सोळा येतात. माणसाला वाटणी करण्याची हीच पहिली रीत सुचते. भाकरीचेही आपण असेच करतो.

पै होती म्हणून तीन वाटेही नीट पडत. एका रुपयाच्या १९२ पै. तिघांत वाटल्या तर प्रत्येकी ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. शिल्लक काही नाही. आजचे १०० पैसे तिघांत वाटून पाहा. ३३, ३३, ३३ आणि एक पैसा उरतोच. तो कुणी घ्यायचा? मात्र पाच वाटे करायचे म्हटले की जुना रुपया अडतो आणि आजचा रुपया सरळ तुटतो. दोन्हीत गुण आहेत.

पण लिहून बेरीज करायची म्हटली की जुन्या हिशेबात घाम फुटे. आधी पै मिळवा, १२ झाल्या की एक आणा हातचा. मग आणे मिळवा, १६ झाले की एक रुपया हातचा. मग रुपये मिळवा, तिथे १० चा हातचा. एकाच बेरजेत तीन तऱ्हेचे हातचे! म्हणून तर मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. ज्याला हे पाढे येत तो गावात शहाणा. ज्याला येत नसत तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही.

नाण्यांचे आकार कसे होते ते आता ऐका. आम्हांला विचाराल तर त्या नाण्यांत सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट हीच होती. सगळी नाणी गोल नव्हती. आण्याची कड कंगोऱ्यांची, फुलाच्या पाकळ्यांसारखी. शेवटच्या काळातली चवली चौकोनी, कोपरे गोलसर केलेले. रुपया गोल आणि जड. अंधारात कमरेच्या कशात हात घातला तरी बोटांना कळे, हा आणा, ही चवली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या बोटांना तेवढे वाचता येई.

चांदीच्या रुपयाची गोष्ट निराळीच. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्याआधी एका जिल्ह्यात दहा तऱ्हेचे रुपये असत. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा. चांदी कमीजास्त, वजन कमीजास्त. दुसरीकडचा रुपया घेऊन गेले की सराफ तो पारखी आणि काही रक्कम कापून घेई. त्या कापण्याला बट्टा म्हणत. “नावाला बट्टा लागला” हे बोलणे तिथूनच आले.

नव्या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा होते. आजच्या मापाने ११ ग्रॅम आणि वर थोडे. त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग हलकी धातू. तोळ्याचे वजन नसले तर लोक तागडीत रुपयाच टाकत. ऐंशी रुपये एका पारड्यात घातले की पक्का एक शेर झाला. खरे-खोटे पाहायचे तर रुपया दगडावर आपटायचा. खण् वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. खणखणीत माणूस, खणखणीत बोलणे, असे आपण अजून म्हणतो ना? 

पुढे त्यावर व्हिक्टोरिया राणीचे तोंड आले. तो राणीछाप रुपया. पुष्कळ घरांतून तो आजही देवाच्या डब्यात जपून ठेवलेला असतो. बंजारा बायांच्या दागिन्यांतही जुनी नाणी ओवलेली दिसतात. राणीमागून राजे आले. १९११ साली पाचव्या जॉर्जच्या रुपयावर एक गंमत झाली. राजाच्या झग्यावर एक बारीकसा हत्ती कोरला होता. पण त्याची सोंड इतकी आखूड दिसे की लोक म्हणू लागले, हे तर डुक्कर! हिंदू रागावले, मुसलमानही रागावले. सरकारने ती नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट करून नवा ठसा काढला. मोठ्या साम्राज्याचा राजा, पण बोटभर सोंडेने त्याला माघार घ्यायला लावली.

सगळ्या मुलखात हाच रुपया होता असे मात्र नाही. आपल्या मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चाले. त्याचे भाव इंग्रजी रुपयाहून कमी. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार रुपये मिळत. हद्दीवरच्या गावात बैल विकताना “रुपये कोणते? हाली की कलदार?” हे आधी विचारावे लागे. न विचारणारा बुडे.

चांदी होती तोवर रुपयाची किंमत त्याच्या पोटातच होती. पण लढाया आल्या आणि चांदी महागली. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव इतका चढला की रुपया पाडणे सरकारला परवडेना. मग ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट निघाली. लोकांचा भरवसा बसावा म्हणून तिच्यावर चांदीच्या रुपयाचेच चित्र छापले होते. पुढच्या वर्षी २ रुपये ८ आण्यांची, म्हणजे अडीच रुपयांची नोटसुद्धा निघाली.

तशा सरकारी नोटा १८६१ च्या कायद्यापासूनच होत्या. पण त्या मोठ्या रकमेच्या. त्या गरिबाच्या हाती कुठल्या येणार? व्यापारी लोक त्या टपालाने पाठवत, आणि पाठवण्याची रीत मोठी चतुर होती. नोट मधोमध कापायची. अर्धी आज पाठवायची. ती पोचल्याचे पत्र आले की उरलेली अर्धी पाठवायची. दोन्ही तुकडे जोडले की नोट पुरी. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराला त्याचा उपयोग नाही!

या नोटा पुष्कळ वर्षे इंग्लंडातून छापून येत. १९२८ पासून त्या आपल्या नाशिक रोडला छापल्या जाऊ लागल्या. १९३५ साली रिझर्व्ह बँक निघाली आणि १९३८ पासून तिच्या नोटा आल्या. एक रुपयाची नोट मात्र बँकेची नसते, ती भारत सरकारची असते. जवळ असेल तर पाहा. तिच्यावर गव्हर्नरची सही नसते, अर्थखात्याच्या सचिवाची असते.

दुसऱ्या महायुद्धात चांदीचा रुपया खरोखरच ढासळला. १९४० साली त्यातली चांदी निम्म्यावर आणली. बारातल्या अकरा भागांवरून एकदम अर्धी! लोकांना ते लगेच कळले. जुना रुपया मडक्यात गेला, नवा बाजारात फिरू लागला. ज्याच्याजवळ दोन्ही असतील तो चांगला कशाला खर्च करील? तांब्याचीही ओढाताण होती, म्हणून १९४३ साली मधोमध मोठे भोक असलेला पैसा निघाला. नाणे कसले, ती चकतीच! पण दोऱ्यात ओवायला बरी. शेवटी १९४७ साली रुपयातली उरलीसुरली चांदीही गेली आणि निकेलचा रुपया आला. त्याच्या एका बाजूला राजा होता आणि दुसऱ्या बाजूला वाघ.

त्या दिवसापासून रुपयाची किंमत त्याच्या पोटात राहिली नाही. ती सरकारच्या शब्दात गेली. नोटेचे तर पहिल्यापासून तसेच. तो शब्द सरकार मागेही घेऊ शकते. जानेवारी १९४६ मध्ये ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा सरकारने एकाएकी बंद केल्या, तेव्हा हे पहिल्यांदा श्रीमंतांना कळले. गरिबाला त्याची झळ कमी लागली, कारण त्याच्या घरी त्या नव्हत्याच.

देश स्वतंत्र झाला तरी तीन वर्षे राजाची नाणी चालूच राहिली. मग १५ ऑगस्ट १९५० रोजी आपली नाणी आली. राजाचे तोंड गेले आणि अशोकाच्या स्तंभावरचे सिंह आले. पैशावर घोडा. अर्धा आणा, आणा आणि चवलीवर बैल. पावली, अधेली आणि रुपयावर गव्हाच्या ओंब्या. शेतकऱ्याचा बैल आणि शेतकऱ्याचे पीक! आम्हांला ही नाणी फार देखणी वाटतात. पण त्यांचे आयुष्य थोडे. १९५५ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० भाग ठरले. त्या प्रत्येक भागाचे नाव नवा पैसा.

नव्या नाण्यांवर एक सोय केली होती. एक नव्या पैशावर हिंदीत ‘रुपये का सौवाँ भाग’ असे लिहिले होते. म्हणजे नाणे स्वतःच आपली किंमत सांगे. पण सांगून उपयोग कोणाला? ज्याला वाचता येई त्याला. बाकीच्यांना दुकानदार सांगेल ते खरे.

आणि इथेच पेच होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे तर नाही. म्हणून सरकारने कोष्टक छापले. एक जुना पैसा म्हणजे २ नवे पैसे, दोन जुने म्हणजे ३, तीन जुने म्हणजे ५. एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे बरोबर २५. पुढे आठ आणे ५०, बारा आणे ७५.

आता समजा, एक बाई आठवड्याच्या बाजाराला गेली. तिने एका पैशाची मिरची घेतली, एका पैशाची कोथिंबीर, एका पैशाचे आले आणि एका पैशाचे लिंबू. चार पैसे म्हणजे एक आणा झाला. कोष्टकाप्रमाणे ६ नवे पैसे. पण विकणाऱ्याने प्रत्येक जिनसेचे २ नवे पैसे लावले तर ८ होतात. एका आण्यामागे दोन नवे पैसे गेले! अशा चौसष्ट जिनसा घेतल्या तर जुन्या हिशेबाने एक रुपया, आणि असे सुटे सुटे मोजले तर १ रुपया २८ नवे पैसे. कोष्टक खोटे नव्हते. पण ते बेरजेला लावायचे की एकेका जिनसेला, यात सगळी मेख होती. उलटेही होई. आण्याच्या चार जिनसा सुट्या मोजल्या तर २४ नवे पैसे, एकदम मोजल्या तर २५. म्हणजे तिथे घेणाऱ्याचा फायदा. पण गरिबाची खरेदी आण्याची कमी आणि पैशा-दोन पैशांची जास्त. तेव्हा नुकसान कुणाच्या वाट्याला आले असेल ते तुम्हीच ताडा.

काही वर्षे जुनी आणि नवी नाणी बरोबरीने चालली. लोक रुळले. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्दही गळला आणि नुसता पैसा राहिला. तरी २५ पैशांच्या नाण्याला लोक चार आणेच म्हणत राहिले. ते नाणेही ३० जून २०११ पासून व्यवहारातून गेले. ५० पैशांना आठ आणे म्हणणारे अजून भेटतात.

आता त्या ट्रंकेतल्या कागदाकडे वळू.

जुन्या कागदात रक्कम अशी लिहिलेली असते: रु. १७–९–४. मधल्या आडव्या रेघा म्हणजे वजाबाकी नव्हे. पहिला आकडा रुपयांचा, दुसरा आण्यांचा, तिसरा पैचा. सतरा रुपये नऊ आणे चार पै. आजच्या हिशेबाने सुमारे १७ रुपये ५८ पैसे. कधी आकड्यापुढे उभ्या रेघा असतात. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥ असे दिसले तर ते साडेपाच.

गहाणखतात व्याजाचे कलम नीट पाहावे. ‘दरमहा दर रुपयास एक पैसा’ असे लिहिले असेल तर तो जुना पैसा. वर्षाचे बारा पैसे, म्हणजे रुपयामागे तीन आणे. शंभर रुपयांना १८ रुपये १२ आणे. आजचा पैसा समजून मोजाल तर १२ रुपयेच येतील. आणि कुठे ‘रुपयास एक आणा’ असे असेल तर बघा काय होते. एक आणा म्हणजे काय मोठे, असे वाटते. पण वर्षाचे बारा आणे झाले. शंभर रुपयांना ७५ रुपये व्याज! ज्याने अंगठा उठवला त्याला हे कुणी मोजून दाखवले असेल का?

पिकाचा अंदाजही आण्यांतच काढत. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. ती आणेवारी. आता सरकारी कागदात पैसेवारी म्हणतात, पण चावडीवर आणेवारी हा शब्द अजून ऐकू येतो.

जमिनीच्या हिश्श्याचेही तसेच. सगळी जमीन म्हणजे सोळा आणे. जुन्या सातबाऱ्यावर ‘आणे-पै’ असा रकाना दिसतो. तो पैशांचा नाही, वाट्याचा आहे. एका एकराचे चाळीस गुंठे, म्हणून एकरातला एक आणा म्हणजे अडीच गुंठे. हे एवढे पाठ करून ठेवा.

समजा, तिघा भावांची सहा एकर जमीन आहे आणि कागदात एकाच्या नावापुढे ‘५ आणे ४ पै’ लिहिले आहे. सहा एकरांचे २४० गुंठे. त्याचे सोळा भाग केले तर एका आण्याला १५ गुंठे. पाच आण्यांचे झाले ७५. राहिल्या चार पै. बारा पैचा आणा, म्हणून चार पै म्हणजे आण्याचा तिसरा हिस्सा, ५ गुंठे. एकूण ८० गुंठे, बरोबर दोन एकर. तिघांचे वाटे सारखे पडले. पण कुणी तेच ‘पाच आणे चार पैसे’ असे वाचले तर? चार पैसे म्हणजे एक आणा. पाचाचे सहा आणे झाले आणि ८० गुंठ्यांचे ९० गुंठे. जादा दहा गुंठे दुसऱ्या भावांच्या बांधातून निघतात.